ख्रिस्ती शाळांतील शिस्त : पेण–रोहे परिसर

ख्रिस्ती धर्मसंस्थांनी चालवलेल्या शाळांत मुलांच्या वागण्याला वळण लावण्याची जी रीत रूढ झाली, तिला बोलण्यात ‘कॉन्व्हेंटची शिस्त’ म्हणतात. रायगड जिल्ह्यात (१९८१ पर्यंत कुलाबा) हा शब्द बराच सैल वापरला जातो. पेणला किंवा रोह्याला इंग्रजी माध्यमाच्या कोणत्याही शाळेला लोक कॉन्व्हेंट म्हणून मोकळे होतात, मग तिथे एकही सिस्टर शिकवत नसली तरी चालते. या सैल वापरामागे एक समजूत आहे. ही शिस्त ख्रिस्ती धर्माबरोबर आली, आणि ती हवी असेल तर तिच्यासोबतचा धाकही निमूट पत्करायला हवा, अशी ती समजूत. कुलाब्याच्या किनाऱ्यावरील मिशन शाळांचा इतिहास, आजचा कायदा आणि शाळेचा रोजचा दिवस हे तिन्ही शेजारी ठेवून पाहिले, तर ती टिकत नाही. या शाळांतले जे खरोखर चांगले आहे ते मोठ्या माणसांच्या नियमितपणातून आले. धाक मात्र इथल्या पंतोजींच्या शाळेतही होता, आणि त्याच्यावर कोणत्याही एका धर्माला हक्क सांगता येत नाही.

चौल–रेवदंड्याला पोर्तुगीजांचा अंमल १७४० पर्यंत होता. कोर्लईचे ख्रिस्ती गाव ही त्याची आजची खूण. पण या भागातल्या आधुनिक शाळेचा उगम त्या काळात सापडत नाही. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८२० च्या दशकात त्यांनी खाडीपलीकडे अलिबाग, नागाव, चौल, रेवदंडा अशा गावांत मराठी शाळा काढल्या. दक्षिणेला बाणकोटच्या बाजूने स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे काम १८२३ पासून सुरू झाले. या शाळांत शिकवायला ख्रिस्ती मास्तर मिळतच नव्हते. म्हणून ब्राह्मण पंतोजी नेमले गेले आणि बेने इस्रायली शिक्षकही. बेने इस्रायली म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून गावोगाव ‘शनिवार तेली’ या नावाने ओळखले जाणारे यहुदी. पेण आणि रोहे–अष्टमी या दोन्ही ठिकाणी त्यांची जुनी वस्ती आणि प्रार्थनालये आहेत. त्यांची मुले मिशनच्या शाळांत शिकली. १८२९ मध्ये मुंबईत आलेल्या स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी तर १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. परिणाम मिशनच्या अपेक्षेपेक्षा वेगळा झाला. धर्मांतर फारच थोड्यांनी केले. बाकीच्यांना आपलाच धर्मग्रंथ अधिक नीट वाचता येऊ लागला. शिकवणारा हिंदू किंवा यहुदी, शिकणारा हिंदू किंवा यहुदी, आणि तरीही शाळा वेळेवर भरते, हजेरी लागते, परीक्षा होते. शाळेची घडी बसवायला श्रद्धा बदलावी लागत नाही याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा शोधायला दूर जाण्याची गरज नाही.

मग ही घडी आली कुठून? तिचा एक धागा अँड्र्यू बेल आणि जोसेफ लँकास्टर या ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञांच्या पद्धतीत आहे. बेल मद्रासच्या अनाथालयात असताना त्यांनी मलबारी मुलांना वाळूत अक्षरे गिरवताना पाहिले आणि पुढच्या मुलांनी मागच्यांना शिकवण्याची रचना उभी केली. म्हणजे ‘मॉनिटर’ हा शब्द परका असला, तरी आपल्या धूळपाटीचे एक नातलग त्याच्या जन्माला हजर होते. घंटा, रांग, इयत्ता, हजेरीपट, नेमलेला पाठ आणि नेमलेल्या दिवशी परीक्षा ही मांडणी त्या काळच्या मिशन शाळांतून आणि पुढे सरकारी शाळांतून पसरली. लँकास्टर छडीच्या विरोधात होते, पण मुलाच्या गळ्यात ओंडका अडकवून त्याची शोभा करण्यात त्यांना काही गैर वाटत नव्हते. पंतोजींकडे छडी होती, अंगठे धरायला लावणे होते, टांगून ठेवणेही होते. दोन्हीकडचा हा क्रूरपणा पुढच्या शाळेने एकत्रच उचलला. ख्रिस्ती परंपरेत याला दुजोरा देणारे वचन नाही असे नाही. बायबलच्या नीतिसूत्रांत मुलावर छडी न उगारणाऱ्या बापाला दोष दिलेला आहे, आणि त्याचा हवाला नेहमी दिला जातो. पण त्याच परंपरेत जेझुइटांच्या १५९९ च्या शिक्षणसंहितेने आपल्या शिक्षकांना स्वतः हात उगारण्यास मनाई केली आणि मार द्यायचाच झाला तर बाहेरचा माणूस नेमायला सांगितले. पुढे १८७७ मध्ये इटलीतील कॅथलिक धर्मगुरू डॉन बॉस्को यांनी विवेक, धर्म आणि माया या तिघांवर उभी असलेली, चूक होण्याआधीच मुलाजवळ असण्याची पद्धत लिहून काढली. छडीला ख्रिस्ती म्हणायचे, तर या विरोधालाही म्हणावे लागेल.

आजच्या दिवसाकडे जवळून पाहिले, तर बॉस्कोंचे म्हणणे अधिक पटते. सकाळी प्रार्थनेच्या रांगेत बाई हात पुढे करायला सांगतात. श्रावण संपत आला की पेण, हमरापूर, जोहे इथल्या मुलाच्या नखांत शाडूची माती किंवा रंगाचा कण असतो, कारण घरी कारखान्यात गणपतीचे शेवटचे हात फिरत असतात आणि रात्री उशिरापर्यंत सगळे घर कामाला असते. त्या नखाकडे पाहून ‘घाणेरडा’ म्हणणे हीही एक शिस्त. त्याला नळाकडे पाठवणे, उशीर का होतो ते विचारणे आणि त्या पंधरवड्यात गृहपाठ कमी करणे हीही एक शिस्त. पहिलीला एक क्षण लागतो, दुसरीला माणूस लागतो. पालक ज्याला ‘तिथे शिस्त आहे’ म्हणतात ते बहुधा यातलेच काहीतरी असते. तास सुरू होताना शिक्षक वर्गात असतात, वही तपासून परत येते, डायरीतल्या शेऱ्याखाली सही नसेल तर दुसऱ्या दिवशी कोणीतरी विचारते, आणि डॉक्टरांच्या मुलाला जो नियम तोच धाटावच्या कंपनीतल्या कंत्राटी कामगाराच्या मुलाला. यातल्या एकाही गोष्टीला मार लागत नाही.

धाक गेला की मुले हाताबाहेर जातात, असा आक्षेप शिक्षक आणि पालक दोघेही घेतात, आणि साठ मुलांच्या वर्गापुढे उभ्या असलेल्या शिक्षिकेच्या तोंडून तो आला तर तो हलक्याने घेऊ नये. पण राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २००९–१० मध्ये सात राज्यांतील ६,६३२ मुलांना विचारले, तेव्हा कोणतीच शिक्षा झाली नाही असे सांगणारी मुले केवळ ९ निघाली. शिक्षेने शिस्त लागत असती, तर इतक्या मुबलक प्रमाणात ती दिल्यावर देशात बेशिस्तीची तक्रारच उरायला नको होती. शिक्षिकेची अडचण खरी आहे, पण ती वर्गाच्या आकाराची आहे. तिचे उत्तर मुलाच्या तळहातावर शोधणे चूक.

दुसरा आक्षेप कायद्याच्या भाषेत येतो. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली. मात्र ६ मे २०१४ च्या प्रमती निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही असे ठरवले. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींनी त्या निकालाविषयी शंका नोंदवून प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्याची शिफारस केली. त्याचा निर्णय काहीही लागो, संविधानाचे ३० वे कलम अल्पसंख्याकांना शाळा स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क देते. मुलाच्या अंगावर हक्क देत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या ७५ व्या कलमात ताब्यातील मुलाशी क्रूरपणे वागणे हा गुन्हा आहे, आणि दुखापतीचा साधा फौजदारी कायदा शाळेच्या फाटकाशी थांबत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने तर २००० सालीच, शिक्षण हक्क कायद्याच्या कितीतरी आधी, दिल्लीच्या शाळा नियमांतली छडीची तरतूद संविधानाच्या आधारे रद्द केली होती. अल्पसंख्याक शाळांची स्वायत्तता मोलाची आहे आणि ती जपली पाहिजे. छडीच्या बचावासाठी ती वापरणारे तिलाच दुबळे करतात.

सर्वांत नाजूक भाग मेंदी, टिकली, बांगड्या, मनगटावरचा दोरा आणि तोंडातली भाषा यांचा. गौरीसाठी काढलेली मेंदी आठ दिवस जात नाही. मुलीने ती पुसावी कशी? गणवेशाचा नियम सर्वांना सारखा हे म्हणणे रास्त आहे, पण सारखेपणाने ज्याचे काही बिघडत नाही त्याला तो सोपा जातो. १९८६ च्या बिजो इमॅन्युएल खटल्यात केरळमधील तीन ख्रिस्ती मुले राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत. त्यांना शाळेतून काढणे सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरवले. ख्रिस्ती मुलाच्या सदसद्विवेकाला मिळालेले हे संरक्षण ख्रिस्ती शाळेतल्या आगरी मुलीला नाकारता येणार नाही. भाषेचेही तसेच. आवारात मराठी बोलल्याबद्दल दंड घेणाऱ्या शाळा महाराष्ट्रभर होत्या, सर्व व्यवस्थापनांच्या होत्या. २०२० च्या कायद्याने मराठी सर्व मंडळांच्या शाळांत सक्तीची केल्यावर, तासाला जी भाषा शिकायची तीच मधल्या सुट्टीत बोलणे हा अपराध कसा ठरतो, हे कोणत्याही मुख्याध्यापकांना मुलाला समजावून सांगता येणार नाही.

प्रार्थनेबाबत संविधानाचे २८ वे कलम अधिक स्पष्ट आहे. शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसणे संमतीवाचून सक्तीचे करता येत नाही, आणि मूल अज्ञान असेल तर ती संमती पालकाची हवी. आई-वडील जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी नियमावलीच्या शेवटच्या पानावर सही करतात. ती नियमावली इंग्रजीत असेल आणि सही करणाऱ्याला इंग्रजी वाचता येत नसेल, तर त्या सहीला संमती म्हणता येत नाही. शाळेने ती मराठीत छापून, पालकसभेत वाचून दाखवून मगच सही घ्यावी.