सिम्प्युटरचे परके हृदय

बंगळूरच्या यंत्रविद्येचा इतिहास पाहू गेल्यास सिम्प्युटरचे प्रकरण आम्हांस विशेष विचारार्ह वाटते. आजच्या टॅब्लेटचा हा एक पूर्वज २००१ साली प्रकट झाला. भारतीय विज्ञान संस्थेतील विजय चंद्रू, स्वामी मनोहर प्रभृती प्राध्यापक आणि एन्कोर कंपनीचे विनय देशपांडे व त्यांचे सहकारी यांनी, निरक्षर ग्रामस्थालाही वापरता यावा असा सुमारे नऊ हजार रुपयांचा हातसंगणक योजिला. पुढे कर्नाटकातील जमिनीच्या दप्तराच्या कामीही त्याचा उपयोग झाला.

परंतु त्याचे हृदय परके होते. थोड्या विजेवर चालणारी स्ट्राँगआर्म ही त्यातील चिप इंटेलची होती. मग बंगळुरात चिप रेखाटणारे हात नव्हते काय? तसे मुळीच नव्हे. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ सालीच येथे आपले केंद्र उघडून चिपच्या आराखड्यांचे काम आरंभिले होते. २००८ साली आलेली इंटेलची सहा गाभ्यांची झिऑन चिपही याच नगरीत रेखाटली गेली. कौशल्य येथले, स्वामित्व मात्र तेथले!

याचे कारण बुद्धीचे दारिद्र्य नव्हे. चिपच्या आराखड्याचा अफाट खर्च लाखो नगांवर विभागला, तरच तो परवडतो. सिम्प्युटर खपले अवघे काही हजार. एवढ्याशा मागणीसाठी स्वतंत्र चिप कोण घडविणार? आमचे वाचक बहुतांशी सरकारी सेवेत आहेत. स्वदेशी चिपचे भवितव्य प्रयोगशाळेइतकेच खरेदीच्या फायलीवरही अवलंबून असते, हे त्यांना आम्ही निराळे सांगावयास नको.