आठ तास आणि मागे राहिलेला बिगारी

आम्ही फार शाळा शिकलो नाही. जे शिकलो ते परांचीखाली आणि युनियनच्या कचेरीत. तेथला पहिला धडा असा, की बांधकामावरचे कामगार कधीच एका मनाचे नसतात. हातात कसब असलेला गवंडी ताठ बोलतो. बिगाऱ्याला उद्याच्या हजेरीची धास्ती असते. कुणाला तास कमी हवे असतात, कुणाला मजुरी जास्त. या सर्वांना एका वाटेने न्यायचे कसे, हा प्रश्न जुना आहे.

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराचेच पाहा. १८५१ साली व्हिक्टोरिया वसाहतीत सोने सापडले, माणसांची रीघ लागली, इमारती उठू लागल्या आणि कसबी पाथरवटाचा भाव वाढला. १८५६ च्या आरंभी या पाथरवटांनी आठ तासांच्या दिवसाची मागणी केली. उन्हात देह झिजतो आणि वाचनाला, घरच्यांना वेळ उरत नाही, हे त्यांचे म्हणणे. जेम्स स्टीफन्स आणि जेम्स गॅलोवे हे दोन पाथरवट त्यांचे पुढारी. आधी बोलणी झाली, सभा झाल्या. बहुतेक कंत्राटदार राजी झाले. पार्लमेंट हाऊसचे काम करणारे मात्र हटून बसले. तेव्हा २१ एप्रिल रोजी विद्यापीठाच्या इमारतीवरील पाथरवटांनी हत्यारे खाली ठेवली आणि स्टीफन्सच्या मागोमाग ते पार्लमेंट हाऊसवर चालून गेले. मागणी पदरात पडली. सबुरीवाल्यांना बोलणी पटतात, उतावळ्यांना मोर्चा. येथे दोन्ही कामी आले.

पण हा विजय मुख्यतः इमारतीच्या धंद्यातील कसबी लोकांचा. इतरांना पुष्कळ वर्षे थांबावे लागले. त्याच वसाहतीत कारखान्यातील स्त्रियांसाठी आठ तासांची मर्यादा आली ती १८७३ च्या कायद्याने.

हीच चूक आमच्या हातूनही झाली आहे. एका कामावर गवंड्यांना रोजवाढ मिळताच आम्ही करारावर सही केली. घमेली वाहणाऱ्या बायांचे त्यात नाव नव्हते. त्यांतली एक एवढेच म्हणाली, "दादा, माल आम्ही चढवलाच नाही, तर गवंडी लावणार काय?" आम्हांला उत्तर सुचले नाही. तेव्हापासून सभेत आम्ही आधी बिगाऱ्याला बोलू देतो. गवंडी कुरकुरतो, पण ऐकतो.

श्रोतेहो, आपला दिवस कुठेतरी संपतो, म्हणून संध्याकाळी आपण या मांडवात बसू शकता. ज्याचा दिवस संपत नाही तो येथे आलेला नाही. त्याची आठवण असू द्या, एवढेच आमचे मागणे.