कुंडीतल्या मुंग्या आणि पावडरीचा डबा

परवा हातखंबा तिठ्यावर उतरून घरी पोचलो, तर अंगणात तुळशीच्या कुंडीवर मुंग्यांची ही रांग! काका पावडरीचा डबा घेऊन तयारच. म्हटलं, "काका, थांबा हो. हीच पानं चहात जातात ना?" थांबले. पण मग मुंग्या घालवायच्या कशा?

आजीच्या काळी सोपं होतं. जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत. मुंगीला मारायचं नाही, फक्त वाट अडवायची. मग पावडरी आल्या. पॉल म्युलरला १९३९ मध्ये डीडीटीने किडे मरतात हे कळलं आणि १९४८ मध्ये त्याला नोबेल मिळालं. पाठोपाठ बीएचसी आली, आपली 'गॅमेक्सिन'. स्वस्त आणि मस्त! फक्त ती मातीत वर्षानुवर्षं राहते आणि अंगातल्या चरबीत साठते. आपल्याकडे तिच्यावर बंदी यायला १९९७ साल उजाडलं.

आता गंमत बघा. इ.स. ३०४ चा मानल्या जाणाऱ्या एका चिनी ग्रंथात लिहिलंय की संत्र्याच्या झाडांसाठी बाजारात मुंग्या विकत मिळत, तेही घरट्यासकट! त्या फळांवरची कीड खात. आपल्या आंब्या-काजूवर पानं जोडून घरटी बांधणाऱ्या, कडकडून चावणाऱ्या लाल मुंग्या त्याच जातीच्या.

म्हणजे मुंगी शत्रूच असते असं नाही. मग ती कुंडीत कशाला येते? मी तुळशीची फांदी उलटी करून पाहिली. कापसासारखे पांढरे ठिपके, म्हणजे पिठ्या ढेकूण. ते झाडाचा रस शोषतात आणि गोड चिकटा सोडतात. मुंग्या त्यासाठी येतात आणि बदल्यात ढेकणांची राखण करतात. मुंग्यांवर पावडर टाकणं म्हणजे एरर मेसेज डिलीट करून 'बग फिक्स झाला' म्हणणं!

शेवटी साबणाच्या पातळ पाण्यात जुना ब्रश बुडवून ढेकूण काढले, झाड साध्या पाण्याने धुतलं. परातीत पाणी घालून मधे वीट ठेवली, विटेवर कुंडी. फांद्या भिंतीला टेकता कामा नयेत, नाहीतर मुंग्यांना पूल मिळतो. आणि परातीतलं पाणी दोन-तीन दिवसांनी बदलायचं, नाहीतर डास. मुंग्यांनी मातीतच घर केलं असेल, तर कुंडी अर्धा तास पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. त्या आपणहून बाहेर पडतात.

म्हणजे फिरून आजीच्या वाटीपाशीच आलो. असो. चहा झालाय, तुळस घालून.