स्नायुक्षयग्रस्त बालके आणि भौतिकी चिकित्सा : यवतमाळ जिल्हा
स्नायुतंतू उत्तरोत्तर नष्ट होऊन दुर्बलता वाढत जाणाऱ्या आनुवंशिक रोगांच्या गटास स्नायुक्षय (मस्क्युलर डिस्ट्रॉफी) म्हणतात. त्यांपैकी बालवयात सर्वाधिक आढळणारा प्रकार दुशेन या फ्रेंच वैद्यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांनी त्याचे सविस्तर वर्णन 1868 मध्ये केले. तो प्रायः मुलग्यांनाच होतो. पोटऱ्या फुगीर, म्हणजे वरकरणी बळकट दिसतात. मूल मात्र जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकीत उभे राहते. उपचारांअभावी सु. बाराव्या वर्षापर्यंत त्याचे चालणे थांबते.

महाराष्ट्रातील भौतिकी चिकित्सेची (फिजिओथेरपीची) उभारणी या रोगासाठी झालेली नाही. ती मुख्यतः पोलिओमुळे झाली. स्वतःच्या मुलीस पोलिओ झाल्यानंतर फातिमा इस्माइल यांनी 1947 मध्ये मुंबईत अपंग बालकांसाठी उपचारकेंद्र काढले. 1950 नंतरच्या दशकाच्या आरंभी परळच्या राजे एडवर्ड स्मारक रुग्णालयात या विषयाचे विद्यालय निघाले. पोलिओत आघात एकदाच होतो व उरलेले बळ व्यायामाने वाढविता येते. स्नायुक्षयात हीच रीत अपायकारक ठरते, कारण थकविणाऱ्या व्यायामाने तंतूंची हानी अधिकच होते. येथे सांधे आखडू न देणे, घोट्यामागील कंडरेस रोज हळुवार ताण देणे, रात्री पायास आधारपट्टी बांधणे, बसण्याची ठेवण सांभाळून पाठीचा कणा वाकू न देणे आणि पुढे श्वसनास साहाय्य करणे, एवढेच साधावयाचे असते.

यवतमाळ येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1989 मध्ये स्थापन झाले. तथापि उमरखेड किंवा झरी जामणी तालुक्यांतील कुटुंबास जिल्ह्याच्या ठिकाणी रोज येणे शक्य नसते, आणि ताण देण्याची क्रिया तर रोजचीच. म्हणून चिकित्सकाचे मुख्य काम घरच्यांना शिकविण्याचे होय. घरी ते बहुधा आईकडे येते. कापूस वेचणीच्या दिवसांत त्यापायी तिची मजुरीही बुडू शकते. पुष्कळदा सदोष जनुक आईकडून आलेला असतो, परंतु सु. एक तृतीयांश रुग्णांत तो बदल नव्यानेच घडतो. तिला दोषी धरण्यास कोणताच आधार नाही. तरीही दोष तिलाच दिला जातो, आणि उपचारही तिच्याच हातून व्हावयाचे असतात. ही गोष्ट व्यायामाच्या तक्त्यात येत नाही.

अपंग व्यक्तींविषयीच्या 1995 च्या केंद्रीय अधिनियमातील सात प्रकारांत स्नायुक्षयाचे नाव नव्हते. 2016 च्या अधिनियमातील 21 प्रकारांत ते प्रथमच आले आणि या नावानिशी प्रमाणपत्र मागणे कुटुंबांना शक्य झाले.