फेटियाच्या काठावरचा इतिहास

जालना शहरातील मस्तगड ही गढी निजाम-उल-मुल्क आसफजाह याच्या आज्ञेवरून काबिलखानाने १७२५ साली बांधली. तिच्या उभारणीचा काळ सांगणारा फारसी शिलालेख तेथे कोरलेला आहे. परंतु दख्खनमधील अशा गढ्यांना, छावण्यांना आणि बाजारपेठांना ज्यांनी बैलांच्या पाठीवरून धान्य व मीठ पुरविले, त्या बंजाऱ्यांची आठवण कोणी दगडात कोरली नाही. ती त्यांच्या स्त्रियांनी कापडावर जपली.

हजारो बैलांचे त्यांचे तांडे सतराव्या शतकात ताव्हेर्निये या फ्रेंच प्रवाशाने पाहिले व वर्णिले. १८०३ च्या सप्टेंबरात कर्नल स्टीव्हन्सनने जालन्याचा किल्ला घेतला आणि त्याच महिन्याच्या २३ तारखेला असईची लढाई झाली. त्या मोहिमेत वेलस्लीच्या फौजेची भिस्त बंजाऱ्यांनी आणलेल्या धान्यावर होती. युद्धाच्या इतिहासात सेनापतींची नावे राहिली. तांड्याच्या वाट्याला एखादी ओळ आली.

बंजारा स्त्रीचा घागरा म्हणजे फेटिया. त्याचे मूळ कापड साधे, बहुधा लाल, बाजारातून घेतलेले. त्याला स्वत्व येते ते हाताने. घेराच्या खालच्या बाजूस वेगळ्या रंगाच्या कापडाच्या पट्ट्या एकावर एक शिवतात. त्यामुळे शोभा तर येतेच, शिवाय चालताना झिजणारी कडही मजबूत होते. कंबरपट्टीवर मात्र भरतकाम दाट असते. धावदोरा, साखळी टाका, चौकोन व त्रिकोण यांच्या ओळी, मध्ये आरसे, कवड्या आणि कधी नाणी. बैलांच्या झुलीवरही हीच कला दिसे. लेक आईजवळ बसून टाके शिकत असे. छापील नमुना कोणाजवळच नव्हता. वेदीवस्त्रावर नक्षी भरणाऱ्या आपल्या घरांतील माताभगिनींना या कामामागची चिकाटी वेगळी सांगावयास नको.

पुढे रेल्वे आली आणि बैलांचा व्यापार मोडला. ब्रिटिशांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का कालांतराने अनेक ठिकाणी बंजाऱ्यांवरही बसला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. फिरता समाज तांड्यांत स्थिरावला, काही ऊसतोडीला जाऊ लागला. जो पोशाख पूर्वी अभिमानाचा होता, तोच परक्या नजरांमुळे संकोचाचा ठरू लागला. तरुण मुलींनी साडी व पंजाबी पोशाख स्वीकारला. जुने फेटिये तुकड्या-तुकड्यांनी विकले जाऊन पिशव्या व उश्यांचे अभ्रे झाले.

२०२३ च्या जुलै महिन्यात हंपी येथे जी-२० बैठकीच्या निमित्ताने लंबाणी भरतकामाच्या १७५५ वस्तू एकत्र मांडून विश्वविक्रम नोंदविण्यात आला. या कौतुकाचे स्वागतच केले पाहिजे. तथापि कापड जपले आणि ते भरणाऱ्या हातांना योग्य मोल व मान मिळाला नाही, तर ते जपणे अपुरेच होय. मस्तगडचा शिलालेख वाचावयास फारसी यावी लागते. फेटिया वाचण्यास, ज्या आजीने तो भरला तिच्याजवळ थोडा वेळ बसणे पुरे.