पाण्याखालच्या गतीचा लगाम

डेव्हिड बुशनेल या कनेक्टिकटमधील तरुणाने 1775 साली ओकच्या लाकडाची जी एकमाणशी पाणबुडी बांधली आणि जिला ‘टर्टल’, म्हणजे कासव, हे नाव मिळाले, तिच्यात गतिनियंत्रणाचा स्वतंत्र असा प्रश्नच नव्हता. कारण मळसूत्री पंखा फिरविणारा आतलाच माणूस होता, आणि तो दमला की नौकाही मंदावत असे. पुढच्या वर्षी एझ्रा ली हा सैनिक तीत बसून न्यूयॉर्कच्या बंदरात ‘ईगल’ या इंग्रज जहाजावर चालून गेला, तेव्हा यंत्र आणि लगाम असे दोन्ही त्याचे स्वतःचेच अवयव होते. ओडेसा येथे स्टेफान द्झेविएत्स्की याने 1877 साली सिद्ध केलेली एकमाणशी पाणबुडीही पायांनीच चाले, आणि तिच्या सुधारून केलेल्या पन्नास नौकांची मागणी पुढे रशियन सरकारने नोंदविली.

विजेची मोटर मात्र दमत नाही. प्लांते याने 1859 साली शोधलेला शिशाचा संचायक घट फोर याच्या 1881 मधील सुधारणेने व्यवहारोपयोगी झाला. आणि 1888 च्या सप्टेंबरात, एकाच महिन्यात, तुलाँ येथे फ्रेंचांची ‘जिम्नोत’ आणि काडिझजवळ इसाक पेराल याची पाणबुडी पाण्यात उतरली. ‘जिम्नोत’मध्ये 564 घट होते आणि कॅप्टन क्रेब्स याची 55 अश्वशक्तीची मोटर होती. अशा मोटरीला आवरावे कसे? मार्गात रोधक घालून प्रवाह कमी करावा, तर मोजक्या घटांत साठविलेली शक्ती त्या रोधकाच्या तारेत उष्णता होऊन जळून जाते, आणि पाण्याखाली शक्तीचा जमाखर्च फार काटेकोर ठेवावा लागतो. म्हणून घटांचीच मांडणी बदलण्याची तजवीज निघाली: घटांचे दोन समूह समांतर जोडले की विजेचा दाब कमी व चाल मंद, एकापुढे एक जोडले की दाब दुप्पट व चाल जलद. मुंबईच्या रस्त्यांतून 1907 पासून 1964 पर्यंत धावलेल्या विजेच्या ट्रामगाडीतला पितळी दांडा ज्यांना आठवतो, त्यांना हे तत्त्व सांगावे लागणार नाही. तेथे घट नव्हते, पण मोटरी प्रथम एकापुढे एक व मग समांतर जोडूनच ट्राम वेग धरी.

पाणबुडीत मात्र या सोयीपाठोपाठ भय आले. शिशाचे घट भारित होताना हायड्रोजन सोडतात आणि जोडणी बदलणाऱ्या चाव्या ठिणगी टाकतात; हे दोन्ही एका बंद कवचात असणे म्हणजे दारूखान्यात चकमक झाडणेच होय. कळ बाहेर ठेवावी तर खारे पाणी तांबे खाऊन टाकते.

आपल्या घराच्या आवारात पाणबुडी बांधणाऱ्या हौशी कारागिरांकडे हा पेच वारशाने आला, आणि माझ्या मते त्यांनी तो ज्या चिकाटीने सोडविला ती मोठ्या आरमारांच्या दप्तरातही क्वचितच दिसेल. अमेरिकी आरमाराच्या पाणबुडी दलातून निवृत्त झालेले जॉर्ज किट्रेज यांनी ‘के-250’ या छोट्या पाणबुडीचे आराखडे विक्रीस ठेवले आणि अशा बांधणीला वळण दिले. नावातील आकडा 250 फूट खोलीचा आहे. अशा पाणबुडीची मोटर बहुधा मासेमारीच्या होडीची, म्हणजे 1934 साली फार्गो येथे श्मिट याने काढलेल्या प्रकारची, बाजारात सहज मिळणारी. पण ती चार-दोन फूट पाण्यासाठी घडविलेली असते. तिच्या जुन्या नमुन्यांत वेग कमी करणाऱ्या रोधकाच्या तारा बुडत्या भागातच बसविलेल्या असत, म्हणजे त्यांची धग आसपासचे पाणी शोषून घेई. 250 फुटांवर मात्र दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे साडेसात किलोग्रॅम दाब पडतो, आणि मोटरीच्या फिरत्या दांड्याभोवतीची रबरी कडी त्या दाबापुढे निरुपयोगी ठरते.

कारागिरांनी पाण्याशी झुंजणे सोडले. मोटरीचे कवच खनिज तेलाने भरून त्याला लवचिक पडदा लावला, म्हणजे आतला आणि बाहेरचा दाब समान होतो आणि पाण्याला आत शिरण्याचे कारणच उरत नाही. तथापि तेलाचाही उपद्रव आहे. कार्बनचा ब्रश फिरत्या तांब्यावर टेकायचा, तर मध्ये तेलाचा पातळ थर येऊन तो किंचित उचलला जातो, ठिणग्या पडतात, आणि स्वच्छ तेल थोड्याच दिवसांत काजळीसारखे काळे होते. म्हणून कित्येकांनी तेलाऐवजी पाण्यात बुडी मारणाऱ्यांच्या श्वसनयंत्रातील झडप लावून मोटरीच्या कवचात भोवतालच्या दाबाइतकी हवा सोडली.

विद्युत्‌कणांच्या युगात चाव्यांची जागा मॉसफेट या अर्धवाहक घटकाने घेतली. तो प्रवाह सेकंदाला हजारो वेळा जोडतो व तोडतो, आणि शक्ती जवळजवळ वाया जात नाही. तो बसविलेली मंडलाची पट्टी इपॉक्सी राळेत गाडावी, तर राळ ओतताना अडकलेला एखादा बुडबुडा खोलवर चिरडून तडा देतो. तेलात बुडवावी, तर हवेची पोकळी असलेले सुटे भाग दबून मोडतात. हौशी बांधणीकार म्हणूनच ओतण्याआधी राळ निर्वात भांड्यात ठेवून बुडबुडे काढतात. एवढे करूनही मॉसफेट बिघडला की तो बहुधा जोडलेल्या स्थितीतच बिघडतो, आणि मोटर पूर्ण वेगाने सुटते. तेव्हा जाणते बांधणीकार आसनाशेजारी, गुडघ्याजवळ, हात अंधारातही चुकणार नाही अशा जागी, घटांचा सारा प्रवाह एका खेचीत तोडणारी हाती चालणारी कळ बसवितात.