कातड्यावरची साक्ष

दिवाळीचा पहिला दिवा वसुबारसेला गाय-वासरापुढे लागतो. ज्या समाजाने गायीला धन मानले, त्या समाजात तिच्या चोरीची धास्तीही तितकीच जुनी असणार. महाराष्ट्रात गावोगावी उभ्या असलेल्या वीरगळांपैकी कितीतरी दगडांच्या खालच्या चौकटीत गायींची रांग कोरलेली दिसते. गुरे वळवून नेणाऱ्यांशी झुंजताना पडलेल्यांची ती स्मारके. महाभारतातले विराटपर्वही गुरांच्या पळवापळवीवरच उभे आहे. आधी दक्षिण गोग्रहणात त्रिगर्तांचा सुशर्मा विराटाची गुरे वळवतो, मग उत्तर गोग्रहणात कौरव. या शौर्यकथांत एक साधा प्रश्न मात्र मागे राहतो. लढाई संपली, धूळ खाली बसली; आता समोरच्या कळपातली कोणती गाय कोणाची, हे ठरवायचे कसे?

उत्तर कातड्यावर असते. तापवलेल्या लोखंडाने उठवलेला डाग, किंवा कानाला दिलेला काप.

माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे आणि उमेदीची वर्षे जमाखर्चाच्या वह्यांत गेली. संस्कृत ग्रंथांकडे वळलो तो चाळिशीनंतर, कोश आणि भाषांतरे यांचा हात धरून. त्यामुळेच असेल, जुन्या ग्रंथांत मला काव्याआधी हिशेब दिसतो. डाग चोराला अडवण्यासाठी असतो, असे आपण सहज समजतो. पण हिशेबनिसाच्या नजरेने ही पाने वाचली की वेगळेच चित्र दिसू लागते. डागाचे लक्ष परक्या चोरावर जेवढे आहे, तेवढेच, किंबहुना अधिक, घरच्या गुराख्यावर आहे.

सुरुवात कानापासून करू. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात दानात दिलेल्या गायींना ‘अष्टकर्णी’ असे विशेषण आले आहे. कानावर आठाची खूण असलेल्या, असा त्याचा एक प्रचलित अर्थ आहे. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडात तर गुरांच्या कानांवर सुरीने जोडखूण करतानाचे छोटे सूक्तच आहे. ती खूण केल्याने गुरांची वाढ होवो, अशी त्यात प्रार्थना आहे. म्हणजे जनावराला इजा करणारे हे काम त्या काळी मंत्र म्हणून, चांगल्या भावनेने केले जात होते.

सर्वांत विश्वासू साक्षीदार मात्र पाणिनी. त्याला गुरांशी कर्तव्य नाही, त्याला स्वराच्या लांबीशी कर्तव्य आहे. खुणेचा वाचक शब्द ‘कर्ण’ शब्दाला जोडला की आधीचा स्वर दीर्घ होतो, असा नियम त्याने अष्टाध्यायीच्या सहाव्या अध्यायात सांगितला आणि लगेच नऊ अपवाद दिले: विष्ट, अष्टन्, पञ्चन्, मणि, भिन्न, छिन्न, छिद्र, स्रुव, स्वस्तिक. विळ्याच्या आकाराची खूण असलेले जनावर ‘दात्राकर्ण’, पण स्वस्तिकाची खूण असलेले ‘स्वस्तिककर्ण’. काशिकावृत्तीने येथे स्पष्टच केले आहे की लक्षण म्हणजे जनावराचा धनी कोण हे कळावे म्हणून केलेली खूण. व्याकरणकाराला अपवादांची यादी करावी लागली, याचा अर्थ हे शब्द लोकांच्या तोंडी रोजचे होते. आठ, पाच, मणी, फाटका कान, कापलेला कान, भोक, पळी, स्वस्तिक: ही यादी मला व्याकरणाच्या पुस्तकात चुकून राहिलेल्या गुरांच्या नोंदवहीसारखी वाटते.

कानावरच्या खुणेनंतर अंगावरचा डाग. त्याला संस्कृतात शब्द आहे ‘अंक’. अंक म्हणजे खूण, अंक म्हणजे आकडा. वाचकांच्या हातात आहे तोही अंकच. खूण करणे आणि मोजणे या दोन क्रियांना एकच शब्द असावा, हे मला फार बोलके वाटते. वनपर्वातली घोषयात्रा आठवून पाहा. वनवासातल्या पांडवांना आपले वैभव दाखवून खिजवावे, असा बेत दुर्योधन, कर्ण आणि शकुनी करतात. पण धृतराष्ट्राला सांगायचे काय? मग निमित्त ठरते: द्वैतवनातल्या गुरांची मोजदाद करायची आणि वासरांना अंक करायचे दिवस आले आहेत. समंग नावाच्या गवळ्याला आधी पढवून ठेवले जाते आणि म्हाताऱ्या राजापुढे गुरांचा विषय तोच काढतो. धृतराष्ट्र आधी नको म्हणतो आणि शेवटी होकार देतो. पुढे गंधर्वांकडून फजिती व्हायची ती होतेच, पण त्याआधी दुर्योधन गोठ्यावर जाऊन खरोखर हे काम उरकतो. गायी मोजल्या जातात, वासरांना खुणा होतात, तीन वर्षांची जनावरे वेगळी काढली जातात. जे निमित्त सर्वांना सहज पटते ते नेहमीचे असते. राजाने गोठ्यावर जाऊन मोजणी आणि डागणी करून घेणे, हा त्या समाजाचा परिपाठ होता.

या परिपाठाचे कागदी रूप कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, दुसऱ्या अधिकरणाच्या गोऽध्यक्ष प्रकरणात सापडते. र. पं. कंगले यांनी संपादित केलेली आवृत्ती मी जेव्हा पहिल्यांदा वाचली, तेव्हा आपण एखाद्या जुन्या पेढीचे नियमपत्रक वाचत आहोत असे वाटले. शंभर जनावरांमागे माणसे पाच: गोपालक, पिंडारक, दूध काढणारा, ताक घुसळणारा आणि श्वापदांपासून राखण करणारा लुब्धक. गायींची राखण वेतनावर सोपवली असेल, तर ते वेतन रोख द्यायचे. कारण दूध-तुपाच्या रूपाने दिले तर हे लोक वासरांना उपाशी मारतील. वासरू महिना-दोन महिन्यांचे झाले की त्याला अंक करायचा. अंक, अंगची उपजत खूण, रंग आणि दोन शिंगांतले अंतर, एवढा तपशील वहीत लिहायचा. म्हणजे डाग एकटा पुरेसा नाही. डाग हा वहीचा अंगावर असलेला अर्धा भाग. उरलेला अर्धा कचेरीत.

आता खरी मेख पाहू. हरवलेल्या जनावरांचे कौटिल्य दोन वर्ग करतो. चोरांनी नेलेले, दुसऱ्या कळपात शिरलेले किंवा चुकार झालेले ते ‘नष्ट’. चिखलात रुतून, रोगाने, म्हातारपणाने, पाण्यात बुडून किंवा श्वापदाच्या तोंडी सापडून गेलेले ते ‘विनष्ट’. गुराख्याने यांची वर्दी द्यायची. पण जनावर मेले, असे नुसते सांगून भागत नाही. गाय किंवा म्हैस मेली असेल तर अंक असलेले कातडे आणून दाखवायचे. शेळी-मेंढी असेल तर खुणेचा कान. घोडा, गाढव, उंट असेल तर शेपूट आणि डागाचे कातडे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातही हाच सूर आहे. चोरांनी जबरीने गुरे नेली आणि गुराख्याने आरडाओरडा करून वेळेवर धन्याला कळवले, तर तो सुटला. पण मेलेल्या जनावराचे कान, कातडे, शेपटीचे केस वगैरे आणून धन्याला खूण पटवून द्यायची.

चोरासाठी या व्यवस्थेत दुसरी कलमे आहेत. जनावर चोरणाऱ्याला आणि चोरवणाऱ्याला देहान्त. राजाच्या अंकाच्या आधारे जनावरांची अदलाबदल करणाऱ्याला प्रत्येक जनावरामागे पूर्वसाहस दंड. देशातल्या देशात चोरीस गेलेले जनावर परत आणणाऱ्याला एक पण बक्षीस. पण चोर रोज भेटत नाही. गुराखी रोज भेटतो. रोज वापरात असलेले कलम गुराख्याचेच, आणि त्यातला न लिहिलेला भाग असा: तुझा शब्द पुरावा नाही, कातडे पुरावा आहे.

ज्याने जनावर वाढवले त्याला डागाची गरजच नसते. आपल्याकडचे गुराखी आणि शेतकरी गायीला कपिला, तांबू, मोरी, भुंडी, हरणी अशी नावे देतात. कपाळावर पांढरा ठिपका असलेला बैल चांद्या होतो. अंधारात घंटेच्या आवाजावरून, चालीवरून, हंबरण्यावरून जनावर ओळखणारी माणसे खेड्यांत आजही आहेत. डाग लागतो तो न ओळखणाऱ्याला: दूर राहणाऱ्या धन्याला, राजाला, कचेरीला. धनी आणि जनावर यांच्यात जेवढे अंतर, तेवढी डागाची गरज अधिक. सहदेव विराटाकडे नोकरी मागायला जातो तेव्हा तो नेमके हेच सांगतो, की मी युधिष्ठिराच्या गायींचा हिशेब ठेवत होतो आणि दहा योजनांच्या आतल्या गायींची मला माहिती असे. अशी माणसे असतील तर लोखंड तापवावे लागत नाही. पण प्रत्येक राजाला सहदेव मिळत नाही.

मग ज्याच्या अंगावर डागच नाही, ते वासरू कोणाचे? कौटिल्याचा नियम असा की महिना-दोन महिने कळपात येऊन राहिलेल्या भटक्या जनावरालाही अंक करून घ्यावा. म्हणजे ते राजाचे झाले. हाच प्रश्न एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या कुरणांवर रक्त सांडून गेला. टेक्सासमधले सॅम्युअल मॅव्हरिक यांची गुरे डागाविना मोकळी फिरत, त्यावरून बेवारशी जनावराला त्यांचेच नाव पडले. पुढे वायोमिंगमध्ये १८८४ साली कायदा झाला आणि डाग नसलेली वासरे बड्या पशुपालकांच्या संघटनेच्या ताब्यात गेली. छोट्या पशुपालकाने आपल्याच गायीच्या वासराला स्वतःहून डाग दिला तरी तो चोर ठरण्याची पाळी आली. १८९२ साली या वादातून जॉन्सन काउंटीत बड्यांनी भाडोत्री बंदूकधारी धाडले आणि माणसे मारली गेली. दोन काळ, दोन खंड, समाजही निराळे. पण डागाचे लोखंड ज्याच्या हाती, बिनडागाचे वासरू त्याचे, हा न्याय दोन्हीकडे एकच.

या सगळ्यात जनावराच्या बाजूने एक शासन बोलले. सम्राट अशोकाने राज्याभिषेकाला २६ वर्षे झाल्यावर काढलेल्या पाचव्या स्तंभलेखात तिष्य आणि पुनर्वसू या नक्षत्रांच्या दिवशी, चातुर्मासीच्या पौर्णिमांना आणि त्यांच्या पंधरवड्यांत घोड्यांना व गुरांना डागू नये, असा हुकूम आहे. अशोकाने डागणी बंद केली नाही. ती बंद करणे राज्याच्या हिशेबाला परवडणारे नव्हते. त्याने काही दिवस सुट्टी दिली. पण ज्या गोष्टीला सुट्टी द्यावीशी वाटते ती यातना आहे, हे त्याने दगडावर मान्य केले.

आज लोखंडाची जागा कानातल्या पिवळ्या बिल्ल्याने घेतली आहे. त्यावर १२ आकडी क्रमांक असतो, नोंद संगणकावर होते आणि लसीकरणाचा तपशीलही त्यालाच जोडला जातो. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावरांच्या खरेदी-विक्रीला मनाई झाली. रोगाचा माग काढायला ही व्यवस्था उपयोगी आहे, आणि चटक्यापेक्षा कानाला पडणारे भोक परवडले, यात वाद नाही. पण विम्याचा नियम पाहा. बिल्ला नाही तर दावा नाही. मेलेल्या जनावराच्या कानातला बिल्ला दाव्यासोबत द्यावा लागतो. कौटिल्याचे ‘अंकचर्म’ प्लास्टिकचे झाले, एवढाच फरक.

कुंपणात अडकून बिल्ला तुटतो, कान फाटतो. नंतर जनावर दगावले, तर अख्खा गाव सांगेल की ही गाय याच माणसाची. पण त्या सांगण्याला दाव्याच्या कागदावर रकाना नसतो. एकट्या शब्दावर पैसे देता येत नाहीत, हे जमाखर्चाच्या माणसाला कोणी समजावून सांगायला नको. तरीही माझे म्हणणे असे की पंचनाम्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांची ओळखही पुरावा म्हणून नोंदली जावी. जनावराला रोज पाणी दाखवणाऱ्याची आठवण ही या देशातली सर्वांत जुनी नोंदवही आहे. कोणत्याही वहीत दोन बाजू लागतात, आणि गुराख्याची बाजू तीन हजार वर्षे कोरीच राहिली आहे.